आगगाडीची रंगीत तालीम

१८७१च्या सुमाराची काही जपानी ठसाचित्रं आहेत. तीन कागद शेजारी शेजारी लावून केलेली, लांबट. खाली निळा समुद्र, समुद्रातून जाणारा दगडी बांध, बांधावर रूळ आणि रुळांवरून धूर सोडत निघालेली गाडी. किनाऱ्यावर बघ्यांची दाटी: कुणी किमोनोत, कुणी इंग्रजी टोपीत, कुणी घोड्यावर. जागेचं नाव कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं आहे. तोक्यो, ताकानावा.

या चित्रात सगळं आहे, एक गोष्ट सोडून. ताकानावाहून त्या वेळी कुठलीही गाडी धावत नव्हती. शिम्बाशी ते योकोहामा हा जपानचा पहिला लोहमार्ग रीतसर खुला झाला तो १४ ऑक्टोबर १८७२ रोजी. चित्रकारानं अजून न आलेली गाडी आल्यासारखी काढली, प्रकाशकानं ती छापली, लोकांनी पैसे मोजून घरी नेली. फसवणूक झाली अशी कुणाची तक्रार नव्हती.

इतिहासाची पुस्तकं ही चित्रं सहसा दोन प्रकारे वापरतात. एक तर पुरावा म्हणून, म्हणजे ‘पाहा, १८७२चं तोक्यो असं दिसत होतं’. नाहीतर कौतुकाचं भोळं उदाहरण म्हणून, म्हणजे ‘पाहा, बिचारे किती भारावून गेले होते’. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. न आलेल्या गाडीचं चित्र पुरावा कसा होईल? आणि भारावून जायला गाडी आधी समोर तर यायला हवी. नाटकवाल्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: रंगीत तालीम. पडदा वर जाण्याआधी पोशाख चढवून, दिवे लावून, खरा प्रयोग असल्यासारखं सगळं करून बघायचं. तोक्योच्या माणसांनी आगगाडी आधी कागदावर करून बघितली, आणि मग ती आली.

ही तालीम शक्य झाली ती एका जुन्या, बाजारू आणि अत्यंत चपळ धंद्यामुळे. ठसाचित्र हे एका माणसाचं काम नव्हतं. प्रकाशक विषय ठरवी आणि पैसा लावी, चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर ते पहाडी चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरी, तिसरा एकेका रंगाच्या वेगळ्या ठशानं ते कागदावर उतरवी. छापखान्याचं यंत्र नाही, हाताच्या तळव्याएवढ्या चकतीनं कागद मागून घासायचा, बस्स. सरकारी तपासनिसाची मोहोर उठली की चित्र दुकानात लटके. एका पानाची किंमत वाटीभर सोबा नूडल्सच्या आसपास असे, असं म्हणण्याची पद्धत आहे. हे लोक काबुकीतले नट, सुमो पहिलवान, गाजलेल्या गणिका, भुतं, पुलावरचा पाऊस असं सगळं विकत. एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, सामान्य माणसाच्या भिंतीवर काय लागावं हे त्यांना पुरतं कळत होतं. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झाल्यावर हेच लोक तिकडे वळले आणि डच, अमेरिकी, फ्रेंच माणसं, त्यांच्या बायका, त्यांचे कुत्रे, त्यांची जेवणाची टेबलं यांची शेकडो चित्रं दुकानांत आली. त्यांतली बरीच योकोहामाला पाय न ठेवता, परदेशी सचित्र साप्ताहिकांतल्या कोरीव चित्रांवरून केलेली. १८६१ साली उतागावा योशिकाझू यानं अमेरिकेतल्या आगगाडीचं तीन पानी चित्र काढलं, तेव्हा जपानात रुळांचा पत्ता नव्हता.

अगदीच नव्हता, असंही नाही म्हणा. १८५४ साली अमेरिकी आरमाराचा कमोडोर पेरी दुसऱ्यांदा जपानात आला तेव्हा भेटवस्तूंमध्ये पावपट आकाराचं एक खरंखुरं वाफेचं इंजिन होतं. योकोहामाच्या किनाऱ्यावर गोल रूळ मांडून ते पळवलं. डबा इतका लहान, की आत मूलही मावेना. तेव्हा एक सामुराई अधिकारी चक्क टपावर बसला आणि झगा वाऱ्यावर फडफडत गोल गोल फिरला. अमेरिकी नोंदींत या प्रसंगाचं वर्णन खिदळत केलेलं आहे. मला मात्र तो माणूस फार आवडतो. आत जागा नाही म्हटल्यावर तो वर बसला. पुढल्या वीस वर्षांतल्या जपानचं धोरण याहून फार वेगळं नव्हतं.

लोकांनी नव्या गाडीला नाव दिलं ‘ओकाजोकी’, म्हणजे जमिनीवरची आगबोट. बोट आधी पाहिलेली, म्हणून गाडी ही बोटीची बहीण. मराठीतही आगबोट आणि आगगाडी या एकाच ‘आगी’च्या लेकी. लोहमार्गाला जपानी शब्द ‘तेत्सुदो’, त्याचाही अर्थ शब्दशः लोखंडी वाट. नवी वस्तू आली की भाषा घरातल्याच दोन शब्दांची गाठ मारते. चित्रकारही तेच करत होता. त्यानं डब्यांना घोडागाडीचा तोंडवळा दिला. चाकं इंजिनाला नेमकी कशी जोडली आहेत, हा प्रश्न त्याने धुराच्या लोटात सोडून दिला. तंत्रज्ञ याला चूक म्हणेल. पण ज्याला कधी न पाहिलेली वस्तू ओळखीची करून द्यायची आहे त्याला दुसरा मार्ग कुठे असतो?

चित्राचा आकारही उसना नाही. एका पानाचं माप साधारण ३७ बाय २५ सेंटिमीटर. अशी तीन पानं जोडली की आडवा, लांब पट्टा मिळतो. या पट्ट्यावर पूर्वी सरदारांच्या मिरवणुका निघत: पुढे भालदार, मागे पेटारे, मधे पालखी. १८६३ साली शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, क्योतोला निघाला तेव्हा त्याच्या मिरवणुकीची अशी ढीगभर चित्रं निघाली. आगगाडी याच चौकटीत येऊन बसली. पुढे इंजिन, मागे डब्यांची रांग, दोन्ही बाजूंना वाकून बघणारे लोक. फरक एवढाच की सरदाराच्या मिरवणुकीपुढे रयतेला मान खाली घालावी लागे, आणि गाडीकडे मान वर करून बघता येत होतं. ज्या काळात शोगुनशाही नुकतीच कोसळली होती आणि सरदारांची संस्थानं १८७१ साली एका फर्मानानं खालसा झाली होती, त्या काळात मिरवणुकीची रिकामी जागा कुणीतरी भरणार होतं. ती इंजिनानं भरली. माझ्या मते या चित्रांच्या खपाचं निम्मं रहस्य इथे आहे. लोकांना यंत्र कळलं होतं म्हणून ते खपलं नाही, मिरवणूक कळत होती म्हणून खपलं.

आता त्या समुद्रातल्या बांधाविषयी. पहिल्यांदा चित्र पाहणाऱ्याला वाटतं, ही तर निव्वळ कल्पना. गाडी समुद्रातून कशाला नेतील? पण नेली होती. ताकानावाच्या किनाऱ्यावरची जमीन लष्करी खात्याच्या ताब्यात होती आणि त्या खात्याला रेल्वे नकोच होती. एवढा पैसा असेल तर तोफा घ्या, असं त्यांचं म्हणणं. साइगो ताकामोरी या मोठ्या नेत्याचाही विरोध होता. ओकुमा शिगेनोबू आणि इतो हिरोबुमी हे रेल्वेचे कैवारी. मोजणीलासुद्धा जागेत पाऊल टाकू देईनात, तेव्हा उथळ समुद्रात सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालून रूळ त्यावरून नेले. कोळ्यांच्या होड्या आतल्या धक्क्याला यायच्या, त्यांच्यासाठी मधे मधे मोकळी दारं ठेवून वर पूल टाकले. मुख्य अभियंता एडमंड मोरेल हा इंग्रज मार्ग पुरा होण्याआधीच, १८७१च्या नोव्हेंबरात, वारला. त्याची कबर योकोहामातच आहे.

पुढे समुद्र भरून काढला गेला आणि बांध जमिनीखाली दिसेनासा झाला. २०१९ साली शिनागावा स्टेशनाच्या परिसरात काम चालू असताना तो पुन्हा वर आला. दगडी उतार, होड्यांच्या वाटेचे कोपरे, सगळं जागच्या जागी, आणि पुष्कळसं ठसाचित्रांत दाखवलं होतं तसंच. हे मला विलक्षण वाटतं. त्याच कागदावर इंजिन चुकलेलं आहे आणि दगड बरोबर आहेत. उघड आहे: दगड रचले जात असताना चित्रकाराला ते किनाऱ्यावर उभं राहून बघता येत होते. कोळी, होड्या, बांध ही त्याची रोजची दुनिया. त्या दुनियेवर त्यानं एक ऐकीव यंत्र ठेवलं. एकाच चित्रात पाहिलेलं आणि ऐकलेलं शेजारी शेजारी बसलं आहे, आणि मधली शिवण लपवायचा प्रयत्नही नाही. आज आपण ज्याला आधुनिकता म्हणतो ती बहुतेकांच्या आयुष्यात अशाच शिवणीसकट येते. पायाखालचे दगड ओळखीचे असतात, वरचं यंत्र ऐकीव.

गाडी प्रत्यक्ष आली तेव्हा सम्राट मेइजी पारंपरिक दरबारी पोशाखात तिच्यात बसले. २९ किलोमीटरचं अंतर, वेळ ५३ मिनिटं. (जुन्या तोकाइदो रस्त्यावर मुक्कामही बरोबर ५३. हा योगायोग कुणा जपानी कीर्तनकाराच्या हाती लागला असता, तर त्याने त्यावर तासभर निरूपण केलं असतं.) भाडं वरच्या वर्गाला १ येन साडेबारा सेन, मधल्याला ७५ सेन, खालच्याला साडेसदतीस सेन. हे खालचं भाडंसुद्धा मजुराच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणजे ज्याला तिकीट परवडत नव्हतं त्याला चित्र परवडत होतं. असंख्य माणसांची आगगाडी ही कैक वर्षं भिंतीवरचीच होती.

काही चित्रांवर कोपऱ्यात गाड्यांच्या वेळा आणि भाड्याचा तक्ता छापलेला असे. हा भाग रसिक लोक दुर्लक्षितात. मला तो चित्राहून स्फोटक वाटतो. एदोच्या जुन्या कालगणनेत उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग, आणि रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे, हिवाळ्यात आखडे. आपल्या घटका आणि प्रहर ज्यांना आजीच्या तोंडून ऐकून माहीत आहेत त्यांना हे चटकन समजेल. तिथे मिनिटाला काही कामच नव्हतं. आणि आता रेल्वेची सूचना सांगत होती की, गाडीच्या वेळेआधी १५ मिनिटं स्टेशनावर हजर राहा. दारं बंद झाली की झाली. रेल्वे सुरू होऊन तीन महिनेही झाले नाहीत तोच सरकारनं जुनं पंचांग मोडीत काढलं आणि १ जानेवारी १८७३पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका लागू केली. भिंतीवरचं रंगीत चित्र कौतुकानं बघणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या नकळत, कोपऱ्यातून मिनिट शिरलं होतं. लोक डब्यात चढताना घरात शिरावं तशी पादत्राणं फलाटावर काढून ठेवत, अशी एक गोष्ट तिकडे आवडीनं सांगतात. खरी असो वा रचलेली, ती सांगितली जाते हे बोलकं आहे. जागेचे शिष्टाचार जुने राहिले आणि वेळेचे बदलले की मागे फलाटावर चपलाच उरणार.

इथवर मी चित्रांची बाजू घेतली. त्यांच्याविरुद्धचा युक्तिवाद मजबूत आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही चित्रं ‘काइका-ए’ म्हणून ओळखली जातात. ‘बुनमेई काइका’, म्हणजे सुधारणा आणि उजेड, ही त्या सरकारची घोषणा. चित्रांत विटांच्या इमारती, घोड्यांचे ट्रॅम, रिक्षा, छत्र्या, दिव्याचे खांब, सगळं ताज्या तांबड्या-जांभळ्या रंगांत झळझळतं. काय नाही? लंडनमध्ये ९ टक्के व्याजानं उभं केलेलं दहा लाख पौंडांचं कर्ज नाही, ज्यातला वाटा या रुळांत गेला. बांधाचे दगड वाहणारे हात नाहीत. तोकाइदोवरचे पालखीवाले, हमाल, मुक्कामाच्या सरायांतल्या मोलकरणी, ज्यांचा रस्ताच आटत चालला होता, त्या नाहीत. १८७३ साली सक्तीची लष्करभरती आली आणि खेड्यांत दंगे उसळले, त्याची सावलीही इथल्या स्वच्छ निळ्या आकाशावर नाही. मग ही तालीम कसली, ही तर जाहिरात, असं कुणी म्हटलं तर?

अर्धं मान्य. मोहोर सरकारची होती आणि मोहोरेशिवाय चित्र निघत नव्हतं. पण सरकारनं ही चित्रं मागवली नव्हती. प्रकाशकानं पदरचा पैसा लावला होता, आणि न खपलेल्या चित्राच्या फळ्या तासून त्यावर दुसरं काही कोरणं एवढंच त्याच्या हाती असे. तो जाहिरात करत असेल तर ती लोकांच्या कुतूहलाची होती, सरकारच्या धोरणाची नव्हे. दोहोंची दिशा काही काळ एक झाली, इतकंच. आणि कुतूहल नेहमीच निर्दय असतं. मिरवणूक बघायला आलेला माणूस मागे झाडू मारणाऱ्याकडे बघत नाही. चित्रांचा दोष खरा आहे. फक्त तो खोटं बोलण्याचा नाही, उत्सवी नजरेचा आहे.

तुलना करायचा मोह होतो, कारण आपली गाडी जपानच्या १९ वर्षं आधी आली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. इंजिनं तिकडेही इंग्रजी, इकडेही इंग्रजी. गोविंद नारायण माडगांवकरांसारखा माणूस १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती गाडी आहे. शब्दांत आपण मागे नव्हतो. पण भिंतीवर? १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा. स्वस्त रंगीत चित्रं घराघरांत गेली, आणि त्यांत रामपंचायतन होतं, नाना फडणवीस होते, लक्ष्मी-सरस्वती होत्या. इंजिन कुणी मागितलं नाही. याचं सोपं उत्तर असं की, आपण धार्मिक आणि ते ऐहिक. मला हे उत्तर आळशी वाटतं. एक तर आपल्याकडचे रंगीत छापखाने गाडीनंतर पंचवीस वर्षांनी आले. तोवर गाडी शिळी झाली होती आणि तालमीची वेळ टळली होती. दुसरं, ही गाडी चालवणारी जीआयपी रेल्वे लंडनच्या भागधारकांची, त्यांना ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून. कर्ज जपाननंही काढलं, पण गाडी सरकारच्या मालकीची राहिली. गाडी आपल्या दारातून गेली तरी ती आपल्या घरची मिरवणूक आहे असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. भिंतीवर माणूस जे लावतो त्यात थोडा तरी हक्क सांगायचा असतो. नाना फडणवीसांवर हक्क सांगता येत होता.

परत ताकानावाला जाऊ. तिथे उशिमाची नावाची वस्ती होती. उशी म्हणजे बैल, माची म्हणजे पेठ. बैलगाडीवाल्यांची पेठ. १८५७ साली थोरल्या हिरोशिगे या चित्रकारानं एदोच्या शंभर स्थळांच्या मालिकेत तिचं चित्र काढलं. समोर बैलगाडीचं प्रचंड चाक, इतकं जवळ की अर्धं चौकटीबाहेर कापलं गेलंय, खाली कलिंगडाच्या खाल्लेल्या साली आणि दोन कुत्र्याची पिल्लं, मागे समुद्रावर इंद्रधनुष्य. पुढच्या वर्षी हिरोशिगे वारला. त्याच्या शिष्यांपैकी ज्यानं पुढे तिसरा हिरोशिगे म्हणून नाव लावलं, तोच आगगाडीच्या चित्रांचा सर्वांत उत्साही कारागीर ठरला. गुरूनं तोकाइदोचे ५३ मुक्काम अजरामर केले, शिष्यानं त्या मुक्कामांना निरुपयोगी करणारं यंत्र विकलं. यात कुणाला विश्वासघात दिसेल, मला वंशपरंपरागत धंदा दिसतो. दोघंही रस्ताच विकत होते.

१८७९ साली याच उशिमाचीचं चित्र कोबायाशी कियोचिकानं काढलं. हा माणूस हरलेल्या बाजूचा. शोगुनच्या पदरचा किरकोळ चाकर, १८६८च्या लढाईत होता, मग मालकामागे शिझुओकाला गेला आणि १८७४ साली परत आला तेव्हा त्याचं एदो तोक्यो झालं होतं. त्याच्या चित्रात रात्र आहे. ढगांआड विझत आलेला चंद्र, काळं पाणी, काळा बांध आणि त्यावरून जाणारी काळी गाडी. धुराड्याच्या तोंडाशी लाल ठिणग्या, डब्यांच्या खिडक्यांत पिवळा-तांबडा उजेड आणि उजेडात माणसांच्या सावल्या. बघ्यांची दाटी गेली. झेंडे गेले. गंमत म्हणजे इंजिन इथेही चुकलेलंच आहे. या मार्गावर इंग्रजी घडणीची इंजिनं धावत आणि कियोचिकाचं इंजिन अमेरिकी घाटाचं आहे, बहुधा एखाद्या अमेरिकी शिळाछापावरून उचललेलं. सात वर्षं रोज समोरून गाडी जात असतानाही! म्हणजे ‘पाहिलं नव्हतं म्हणून चुकलं’ हे माझं वरचं स्पष्टीकरण इथे तोकडं पडतं. कियोचिकाला त्या रात्रीसाठी जी काळी आकृती हवी होती ती त्या अमेरिकी इंजिनात सापडली, आणि त्यानं ती घेतली. आधीचे चित्रकार ऐकीव गाडीला ओळखीचं करत होते, हा ओळखीच्या गाडीला पुन्हा परकी करत होता.

त्याच्या या छाया-उजेडाच्या चित्रांना ‘कोसेन-गा’, प्रकाशकिरणांची चित्रं म्हणतात. १८७६ ते १८८१ एवढाच त्यांचा काळ. पुढे तो व्यंगचित्रांकडे आणि युद्धचित्रांकडे वळला, आणि ठसाचित्रांचा धंदाच हळूहळू वृत्तपत्रं, शिळाछाप आणि कॅमेरा यांनी गिळला. गाडीनं आणलेल्या घाईत फळीवर कोरत बसायला वेळ कुणाला होता?

त्या अखेरच्या काळातलं, १८८१चं, त्याचं एक चित्र आहे: शिम्बाशी स्टेशन. पावसाळी रात्र. मागे स्टेशनाची दगडी इमारत, खिडक्या उजळलेल्या. पुढच्या अंगणात पाणी साचलंय आणि त्यात कंदिलांचे तांबूस ओघळ हलताहेत. कागदी छत्र्यांखाली पाठमोरी माणसं, कुणी रिक्षात, कुणी चालत. चेहरे दिसत नाहीत. सगळी घरी निघाली असावीत, किंवा कुणाला तरी उतरवून घ्यायला आली असावीत. चित्रभर शोधलं तरी इंजिन, डबा, रूळ, धूर यांतलं काहीच सापडत नाही.